सोवळ्यातलं बिस्किट

बिस्किटासाठी प्रायश्चित्त घेण्याची आपल्याकडची परंपरा जुनी आहे. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानाला गावातली बडी मंडळी जमली होती. व्याख्यान झाल्यावर चहा-बिस्किटं पुढे आली. कोणी घेतली, कोणी मानाखातर कप ओठाला लावला, कोणी हातात घेऊन तसाच खाली ठेवला. हा सगळा घाट घातला होता आनंदीबाई जोशांचे यजमान गोपाळराव यांनी. पुढे हजर असलेल्यांची नावं छापून आली आणि मग जे व्हायचं ते झालं. ग्रामण्य माजलं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि टिळक-रानड्यांसारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या भानगडीत पडावं लागलं.

इतिहासाने या प्रकरणाचं सगळं श्रेय चहाला देऊन टाकलं. बशीतल्या बिस्किटाची कोणी दखल घेतली नाही. खरं तर त्या काळी चहापेक्षा बिस्किटाबद्दलच जास्त संशय यायला हवा होता. चहा निदान डोळ्यांसमोर उकळतो. बिस्किट कोणी मळलं, कशात मळलं, कोणत्या भट्टीत भाजलं, काही पत्ता लागत नाही. अंडं असेल, चरबी असेल, काय सांगावं! म्हणूनच त्या शतकाच्या अखेरीस दिल्लीत ‘हिंदू बिस्किट कंपनी’ या नावाचा कारखाना निघाला. बिस्किट तर सोडवत नाही आणि खाल्ल्यावर मनाला रुखरुखही नको, यावर शोधलेली ती तोड होती.

सव्वाशे वर्षं होऊन गेली, आम्ही अजून त्याच तोडीच्या शोधात आहोत. करणाऱ्याच्या जातीधर्माची पंचाईत बऱ्याच घरांत संपली. आता संशय येतो तो मैद्याचा, साखरेचा, पामतेलाचा आणि आकड्यांच्या नावाने वावरणाऱ्या त्या अनोळखी पदार्थांचा. दुकानात पुडा उलटा करायचा, चष्मा कपाळावर चढवून मागची बारीक अक्षरं वाचायची, ‘अरे बापरे’ म्हणायचं, पुडा होता तिथे ठेवायचा आणि घरी येऊन नाचणीचं पीठ चाळायला घ्यायचं. गंमत अशी की हे करणाऱ्या आम्ही बायका स्वतःला चांगल्या पुरोगामी समजतो. आज्यांचं सोवळं आम्ही हसतहसत मोडीत काढलं. पण मैद्याला शिवायचं नाही, साखरेला शिवायचं नाही, बाहेरचं लोणी घरात आणायचं नाही, हे नियम आज्यांनाही लाजवतील अशा निष्ठेने पाळतो. माझ्या एका मैत्रिणीकडे साखरेचा डबा पाहुण्यांपुरता वेगळा ठेवलेला आहे आणि त्याचा चमचाही वेगळा आहे.

यात आपणच एकटे आहोत असं मात्र नाही. बिस्किट जगात कुठेही गेलं तरी त्याला खाण्यासाठी काहीतरी कारण द्यावं लागलेलं आहे. अमेरिकेत सिल्व्हेस्टर ग्रॅहॅम नावाचे एक धर्मोपदेशक होऊन गेले. मांस नको, दारू नको, मसाले नकोत आणि पांढरं पीठ तर नकोच, असा त्यांचा उपदेश होता. कोंड्यासकटचं पीठ खाल्लं की शरीराबरोबर मनातले विकारही शांत होतात, अशी त्यांची खात्री होती. १८३७ मध्ये बोस्टनचे बेकरीवाले आणि खाटीक त्यांच्याविरुद्ध रस्त्यावर उतरले, यावरून उपदेश कुठवर झोंबला होता ते कळतं. त्यांच्या शिकवणीतून कोंड्याची बिस्किटं निघाली आणि त्यांना ग्रॅहॅमचंच नाव मिळालं. आज त्या नावाच्या बिस्किटांत साखर असते, मध असतो आणि त्यांचा चुरा लोण्यात कालवून चीजकेकच्या तळाशी थापतात. विकार शांत करायला निघालेल्या बिस्किटाची ही अशी सद्गती झाली.

तिकडे ब्रिटनमध्ये एकोणिसाव्या शतकात डायजेस्टिव्ह बिस्किट आलं. त्यात खाण्याचा सोडा असतो, सोड्याने पचन सुधारतं, म्हणून हे बिस्किट पोटाला बरं, असा हिशेब. १८९२ पासून मॅकव्हिटीजने ते करायला घेतलं आणि ते घरोघर पोचलं. भट्टीच्या धगीत सोड्याचं काम होऊन जातं, पोटापर्यंत औषध म्हणून काही फारसं उरत नाही. पण तोवर लोकांना चव लागलेली होती. आपल्याकडे पार्ल्याच्या कारखान्यात ग्लुकोज बिस्किट तयार होऊ लागलं, ते शक्तीच्या नावाने. माझ्या लहानपणी आजारी माणसाला भेटायला जाताना मोसंबी आणि ग्लुकोज बिस्किटांचा पुडा न्यायचा रिवाज होता. पेशंट मोसंबी खायचा आणि भेटायला येणारे बिस्किटं. अशा रीतीने शक्ती नेहमी भेटायला येणाऱ्यांनाच मिळायची. २०२३ हे वर्ष भारताच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं म्हणून साजरं केलं आणि तेव्हापासून नाचणी, ज्वारी, बाजरीची बिस्किटं मॉलच्या बरोबर नजरेसमोरच्या फळीवर येऊन बसली. ज्या नाचणीची भाकरी आणि आंबील ही कोकणातल्या, सह्याद्रीच्या उतारावरच्या गरिबाघरची म्हणून लोक नाकं मुरडत होते, तिच्या बिस्किटांचा छोटा पुडा आता कागदाच्या नाजूक पिशवीत मिळतो. किंमत विचारून घ्यावी.

गुलाबजामला असं कधी काही करावं लागलं नाही. जिलबीने आजवर आपण पचनाला मदत करतो असा दावा केलेला नाही. ती गोड आहे, तळलेली आहे, पाकात बुडवलेली आहे आणि तुम्हाला आवडते, एवढंच तिचं म्हणणं. बिस्किटाला मात्र प्रत्येक पिढीत नवं प्रमाणपत्र लागतं. याचं कारण मला वाटतं की जिलबी आपण कारणपरत्वे खातो आणि बिस्किट रोज, दिवसातून दोनदा, विनाकारण खातो. विनाकारण खायच्या गोष्टीलाच कारण शोधावं लागतं.

गोड आणि औषध यांची सांगड घालणं आपल्या घरांना नवं नव्हतंच. डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, अळिवाचे लाडू ही काय हौसेची पक्वान्नं होती? थंडी पडली की डिंक तळायचा, खारीक कुटायची, सुंठ घालायची. बाळंतिणीला अळीव द्यायचे. या लाडवांत तूप-गूळ हात राखून घातलेला नसायचाच. फरक एवढाच की त्यांच्याबरोबर एक नियमही यायचा: सकाळी एक. दुसरा मागितला तर मिळायचा नाही. मेथीचा लाडू तर इतका कडू असायचा की दुसरा मागायची वेळच यायची नाही. तो डबा फडताळात सगळ्यात वर, ज्याचा हात पोचेल त्याच्यावर विश्वास टाकून ठेवलेला असे. पौष्टिक पदार्थ मोजूनच खायचा असतो, हे त्या लाडवांच्या कृतीतच गृहीत धरलेलं होतं. नव्या पौष्टिक बिस्किटांच्या कृतीत बदामाचे काप किती मिलिमीटरचे असावेत इथवर सगळं असतं, पण रोज किती खायची ते नसतं.

बिस्किटं घरची आणि भट्टी परकी, अशीही एक मधली व्यवस्था आपल्याकडे होती. सातारा, सांगली, कोल्हापूर, पुणे, कुठल्याही गावच्या चाळिशीपुढच्या माणसाला विचारा. मे महिन्याच्या सुट्टीत किंवा दिवाळीच्या तोंडावर कणीक, मैदा, पिठीसाखर आणि तूप किंवा डालडा घरून मोजून न्यायचं, बरोबर रिकामा पत्र्याचा डबा. बेकरीत नंबर लावायचा. कारागीर तूप-साखर परातीत पांढरी होईपर्यंत फेसायचा, पीठ घालून मळायचा. मग त्याचा गोळा हाताने फिरवायच्या यंत्रात जायचा आणि दुसरीकडून रेघारेघांची पट्टी सरकत बाहेर यायची. ती तो बोटाएवढ्या तुकड्यांत कापून काळ्या पत्र्यावर मांडायचा. भट्टीत लांब दांड्याने पत्रे आत-बाहेर होत राहायचे. किलोमागे भाजणावळ ठरलेली. आपलं तूप दुसऱ्याच्या पिठात पडू नये म्हणून आई तिथे स्टुलावर पदर खोचून बसून राहायची आणि शेजारच्या स्टुलावर दुसऱ्याची आई त्याच कारणाने बसलेली असायची. दोघी मोठ्या गोडीगुलाबीने गप्पा मारायच्या आणि एकीचीही नजर परातीवरून हलायची नाही. अन्नसुरक्षेचं याहून कडक खातं मी पुढे पाहिलं नाही.

त्या बिस्किटांत पौष्टिक असं काही नव्हतं. उलट डालडा होता. १९३७ पासून तो भारतात मिळू लागला आणि तुपाची ऐपत नसलेल्या घरांना त्याने आधार दिला. त्या घट्ट केलेल्या तेलात ट्रान्स फॅट नावाचा हृदयाचा वैरी लपलेला असतो, हे कळायला फार वर्षं जावी लागली. आता कायद्यानेच तेला-तुपात आणि खाद्यपदार्थांत कारखान्यातून येणाऱ्या ट्रान्स फॅटला दोन टक्क्यांची मर्यादा घातली आहे, ती जानेवारी २०२२ पासून. आम्ही मात्र तो डबा सगळी सुट्टी चहात बुडवून संपवला. डबा संपला की पुढच्या सुट्टीपर्यंत बिस्किटांचं नाव नसे.

आता भट्टी ओट्यावर आली आहे. २०२० च्या टाळेबंदीत ज्यांच्याकडे ओव्हन नव्हता त्यांनी कुकरमध्ये मीठ पसरून, शिट्टी काढून, त्यात ताटली ठेवून बिस्किटं भाजली. त्या दिवसांत कणकेपेक्षा बेकिंग पावडर मिळणं अवघड झालं होतं. ज्यांच्याकडे ओव्हन होता त्यांनी तो ज्या खोक्यात आला होता त्या खोक्यातून पहिल्यांदा बाहेर काढला. माझा छोटा ओव्हन त्यातलाच. आणि स्टुलावर राखणीला बसायचं आईचं काम आता सासूबाईंकडे आलं आहे. त्या ओट्याशी खुर्ची ओढून बसतात. आपलं तूप दुसरीकडे जाण्याचा प्रश्न नाही, तरी लक्ष तुपावरच.

“तूप किती गं?”

“शंभर ग्रॅम, आई.”

“ग्रॅम नको सांगू. वाटी सांग.”

“अर्धी वाटी.”

“आणि पीठ?”

“शंभर नाचणी, शंभर कणीक. दीड वाटीच्या वर थोडंसं.”

“दीड वाटी पिठाला अर्धी वाटी तूप? अगं, शंकरपाळ्यांनासुद्धा मी एवढं मोहन घालत नाही. आणि ते म्हणे वजन कमी करायचं बिस्किट!”

सासूबाईंनी एका वाक्यात जे सांगितलं ते समजून घ्यायला मला बिस्किटशास्त्रावरचं बरंच वाचन करावं लागलं होतं. बिस्किट आणि शंकरपाळे ही जवळची भावंडं, एक भाजलेलं आणि एक तळलेलं. दोघांचा जीव मोहनात. पिठाला पाणी लागलं की गव्हातली चिकट प्रथिनं एकमेकांना धरतात आणि पोळी लवचीक होते. पोळीला ते हवं, बिस्किटाला नको. पाणी लागायच्या आधी पिठाच्या कणाकणाला तूप चोळलं की ती धराधरी होत नाही आणि दाताखाली खुसखुशीत तुटणारं काहीतरी तयार होतं. म्हणून तर आपल्या बायका मोहन घातलेल्या पिठाची मूठ वळून बघतात. मूठ वळली आणि राहिली तर मोहन पुरेसं. पौष्टिकपणाच्या नादात तूप निम्मं केलं की मूठ वळत नाही. भाजल्यावर जे निघतं त्याला बिस्किट म्हणायचं ते केवळ ओव्हनमधून आलं म्हणून. आमच्या लेकीने अशा एका तुकड्याकडे उलटसुलट बघून विचारलं होतं, “आई, हे खायचं का पेपरवेट म्हणून वापरायचं?”

नाचणीची अडचण आणखी वेगळी. तिच्यात गव्हासारखी धरून ठेवणारी प्रथिनंच नाहीत. नुसत्या नाचणीची बिस्किटं उचलायला गेलं की अनारसा तुपात हसावा तशी ती पत्र्यावरच हसतात. निम्मी कणीक घातली की जरा शहाण्यासारखी वागतात. शिवाय नाचणी जात्याच काळसर, त्यात गूळ. मैद्याचं बिस्किट कडेने बदामी झालं की कळतं, हिचा रंग आधीही तोच आणि जळल्यावरही तोच. इथे नाकावर भिस्त ठेवावी लागते. कच्च्या पिठाचा वास जाऊन भाजणीचा खमंग वास सुटला की समजायचं. आणि भट्टीतून काढलेलं बिस्किट कुठलंही असो, ते मऊच लागतं. गार झाल्याशिवाय ते कडक होत नाही. ज्यांना हे ठाऊक नसतं ते बोटाने दाबून ‘कच्चं राहिलं’ म्हणत पुन्हा आत ढकलतात आणि मग गार झाल्यावर ते फोडायला बत्ता लागतो.

गुळाचं तर काय सांगावं! गूळ म्हटलं की मराठी माणसाचं मन हळवं होतं. साखर म्हणजे विष आणि गूळ म्हणजे अमृत, असं बोलायची पद्धत आहे. गुळात थोडी खनिजं असतात हे खरं, चव तर फारच चांगली असते, पण तोही मुख्यतः साखरच. उसाचा रस दोन्हीकडे सारखाच, एकीकडे तो जास्त धुतलेला. गूळ हवेतला ओलावा ओढून घेतो, त्यामुळे पावसाळ्यात गुळाची बिस्किटं दुसऱ्या दिवशी सादळतात. मग ती परत भाजा. साखरेला घराबाहेर काढण्यासाठी काही घरांत खजूर वाटून घालतात, काही घरांत पिकलेलं केळं. केळं, ओट्स आणि थोडी दालचिनी असं एकत्र करून चपटे गोळे भाजायची कृती सध्या फार चालते. सासूबाईंनी त्यातला एक घास खाल्ला, थोडा वेळ विचार केला आणि म्हणाल्या, “हे आपले घारगेच की. भोपळ्याऐवजी केळं. फक्त तळायचे राहिलेत.”

पण खरा प्रश्न त्यांनी आधीच विचारला होता. वजन कमी करायचं बिस्किट, ते कसं? म्हणून एकदा कागद घेऊन बसले. वर सांगितलेलं पीठ-तूप, ऐंशी ग्रॅम गूळ, वेलदोड्याची पूड आणि अर्धा चमचा बेकिंग पावडर. एवढ्यात मध्यम आकाराची चोवीस बिस्किटं होतात. शंभर ग्रॅम तुपाच्या नऊशे कॅलरी. पिठांच्या साडेसहाशेच्या आसपास. गुळाच्या तीनशे. भागाकार केला तर बिस्किटामागे पंचाहत्तर ते ऐंशी, म्हणजे जवळपास एक लहान फुलका. आता याच मापाने मैदा आणि साखर घेऊन नानकटाईसारखं साधं, पापी बिस्किट केलं तर? त्याचा हिशेब बिस्किटामागे फार तर चार कॅलरींनी जास्त निघतो. चार! एवढ्या कॅलरी तर सासूबाईंना माप वाटीत समजावून सांगताना खर्च होत असतील.

मग नाचणीतलं कॅल्शियम? ते मात्र खरोखर भरपूर आहे, शंभर ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या घरात. पण ते शंभर ग्रॅम चोवीस बिस्किटांत वाटलं जातं. एक पेला दुधाइतकं कॅल्शियम बिस्किटांतून मिळवायचं तर डझनभर तरी खावी लागतील, आणि डझनभर खाल्ली तर बरोबर पन्नास ग्रॅम तूप आणि चाळीस ग्रॅम गूळ पोटात जाईल. हाडं मजबूत होतील, पण त्यांच्यावर उचलायला ओझंही तेवढंच वाढेल. जागतिक आरोग्य संघटना सांगते की वरून घातलेली साखर दिवसाला शक्यतो पंचवीस ग्रॅमच्या आत असावी, आणि त्यात मध, गूळ सगळं आलं. आमच्या एका बिस्किटात तीन-साडेतीन ग्रॅम. म्हणजे सात-आठ बिस्किटांत दिवसाचं माप पुरं, चहातली साखर अजून हिशेबात यायचीच आहे.

हे वाचून कोणी हिरमुसलं असेल तर जमेची बाजूही सांगते. कोंड्यासकटच्या पिठामुळे घरच्या एका बिस्किटात जवळजवळ ग्रॅमभर तंतू असतात, मैद्याच्या बिस्किटात त्याचा चौथा हिस्सा. तूप आपण पारखून आणलेलं असतं, त्यामुळे कुठल्या घट्ट केलेल्या तेलाची शंका नाही. मीठ आणि साखर डोळ्यांदेखत पडते. आणि साखर एक चतुर्थांश कमी केली तरी बिस्किट बिघडत नाही, हे ते डोळ्यांदेखत पाहिल्यावरच सुचतं. पुड्यावर ‘साखर इतके ग्रॅम’ असं छापलेलं वाचणं वेगळं आणि वाटीतला तेवढा गूळ स्वतः किसणं वेगळं. गूळ किसताना मनगट दुखलं की माणूस आपोआप हात आखडता घेतो.

म्हणजे घरच्या बिस्किटाची खोट नाचणीत किंवा गुळात नाही. खोट आहे ती ‘पौष्टिक’ या शिक्क्यात, कारण तो बसला की माणूस मोजणं सोडतो. विकतच्या क्रीमच्या बिस्किटाला हात लावताना आपण आजूबाजूला बघतो, दोन खातो आणि पुडा रबर लावून ठेवतो. घरच्या नाचणीच्या बिस्किटाला मात्र उघडपणे, अभिमानाने, बातम्या बघत, टीव्हीच्या उजेडात सहा. एका बिस्किटामागे चार कॅलरी वाचवायच्या आणि वाचवल्याच्या आनंदात पंचाहत्तरचं दुसरं उचलायचं, असा हा व्यवहार. आमच्या घरी याच आनंदात एक डबा एका संध्याकाळी संपला होता. यजमान नंतर म्हणाले, “अगं, नाचणी थंड असते ना, उन्हाळ्यात चांगली.” तेव्हा मार्गशीर्ष चालू होता.

मोजणं परत आणायचं तर माझा भरवसा निग्रहावर नाही, आळसावर आहे. पुडा संपला तर कोपऱ्यावरच्या दुकानात दुसरा मिळतो, रात्री दहालाही मिळतो, आता तर दहा मिनिटांत दारात येतो. घरचा डबा संपला तर पुन्हा पीठ चाळा, तूप फेसा, गूळ किसा, पत्र्यावर मांडा, दोन खेपांत भाजा, गार करा आणि शेवटी तो तुपकट पत्रा घासा. चोवीस बिस्किटांमागे तासभर सहज जातो. ज्याला बिस्किट खावंसं वाटतं त्यानेच पत्रा घासायचा, असा नियम केला तर घरातल्या बऱ्याच जणांची भूक आपोआप शमते. नाचणीत जे गुण नाहीत ते या पत्रा घासण्यात आहेत. जुन्या भट्टीच्या बिस्किटांचंही हेच होतं: वर्षातून दोन वेळा, नंबर लावून, भाजणावळ मोजून, डोक्यावर ऊन घेऊन. डालडा असूनही आमची पिढी त्यातून निभावली, त्यात या खटपटीचा वाटा बराच असावा.

तेव्हा बिस्किटं घरी जरूर करा. नाचणीची करा, ज्वारीची करा, भाजलेल्या बेसनाची करा, कणकेत थोडी जवसाची पूड घाला, ओवा-जिरं घालून खारी करा. तूप कमी करायच्या नादी लागू नका, त्यापेक्षा बिस्किटंच लहान करा. साखर किंवा गूळ चौथ्या हिश्श्याने कमी घाला, कोणाला कळत नाही. थोडं मीठ विसरू नका, गोडाला त्यानेच धार येते. ओव्हन १६०-१७० अंशांवर ठेवा, पंधराव्या मिनिटापासून नाक दाराशी ठेवा आणि पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका, नाहीतर वाफ धरून सादळतील. डब्यावर चिठ्ठी लावायची हौस असेल तर तारीख लिहा, ‘पौष्टिक’ लिहू नका. बिस्किट हा खाऊ आहे, त्याला खाऊच राहू द्या. चहाबरोबर दोन घ्या, नीट चावून खा, आणि तिसऱ्याकडे हात जायच्या आत डबा घरातल्या सगळ्यात कडक माणसाच्या ताब्यात द्या.